वाद्य परदेशी, वीज देशी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गणपतीला आठ दिवस राहिले होते. कोल्हापुरातलं माझं दुरुस्तीचं दुकान मी बंद करत होतो, तेवढ्यात एक तरुण खांद्यावर लांबलचक खोकं घेऊन दारात उभा राहिला. गारगोटीकडचा मुलगा. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा. म्हणाला, ‘‘काका, बघताय का जरा? कालच आलाय अमेरिकेतनं. आज सुरू केला आणि धूर निघाला.’’

खोकं उघडलं. आत नामांकित कंपनीचा, ७६ पट्ट्यांचा, व्यावसायिक वादक वापरतात तसला मोठा कीबोर्ड होता. त्याच्या मावसभावानं तिकडे वापरलेला विकत घेऊन पाठवलेला. इथल्या किमतीपेक्षा चाळीस हजारांनी स्वस्त पडला, असं त्याचं गणित होतं. त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं आणि गणेशोत्सवातल्या सहा कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घेऊन ठेवल्या होत्या.

मी मागची बाजू फिरवली. वायरीच्या खाचेशेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. आपल्या भिंतीत आहेत २३० व्होल्ट. पठ्ठ्यानं इलेक्ट्रिकच्या दुकानातून पिन बदलणारी टोपी आणली, अमेरिकी पिन त्यात खोचली आणि बटण दाबलं. फ्यूज उडाला. फ्यूज उडतो तो आपल्याला सावध करायला. पण याच्या मित्रानं फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळली आणि पुन्हा बटण दाबलं. मग धूर निघाला.

हा प्रसंग सांगायचं कारण असं, की असली खोकी आता माझ्याकडे वरचेवर येतात. कुणाची मुलगी न्यू जर्सीत असते, कुणाचा भाऊ दुबईत, तर कुणी घरबसल्या जर्मनीच्या दुकानात मागणी नोंदवतो. वस्तू चांगली असते, दुकानही खरं असतं. चुकतो तो आपला हिशेब. परदेशी दुकानातल्या वाद्याला एक किंमत नसते, चार असतात. पहिली दुकानात लिहिलेली, दुसरी वाटेतली, तिसरी सरकारची आणि चौथी आपल्या घरातली. पहिली सगळे बघतात. आज उरलेल्या तीन किमतींबद्दल बोलू.

बाहेरून आलेल्या वाद्यांची आपली सवय

वाद्य बाहेरून आणणं आपल्याला नवं नाही. आपली पेटी, म्हणजे हार्मोनियम, मुळात युरोपातली. तिचा भाता पायानं चालायचा. आपले गाणारे-वाजवणारे जमिनीवर मांडी घालून बसतात. म्हणून १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातानं भाता मारायची पेटी तयार केली, आणि ती घरोघर गेली. संगीत नाटकातला पायपेटीचा ऑर्गनसुद्धा असाच साहेबाच्या देशातून आला आणि नाट्यपदांचा सोबती झाला. वाद्य परदेशी असलं तरी ते आपल्या घरात बसवून घ्यावं लागतं, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

विजेवरच्या वाद्यांचंही तेच. १९८० च्या दशकात कोकणातून आखाती देशांत गेलेली माणसं सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डरबरोबर छोटा कॅसिओ आणत. तो इतका रुळला, की पुढं कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड आला तरी आपण त्याला ‘कॅसिओ’च म्हणू लागलो. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादकही परदेश दौऱ्यांतून यंत्रं आणत. त्यांतले एक चरणजित सिंग. रोलँड या जपानी कंपनीनं नुकतीच बाजारात आणलेली तीन यंत्रं त्यांनी सिंगापूरहून घेतली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाच्या सुरांचं यंत्र. त्यांवर १९८२ मध्ये त्यांनी दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. त्या वेळी ती फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे जाणकार चकित झाले, कारण याच यंत्रांवर पाश्चात्त्यांनी पुढं ज्या तऱ्हेचं नृत्यसंगीत घडवलं, त्याची चाहूल यात आधीच लागत होती.

थोडक्यात, परदेशातून वाद्य आणणं ही काही चैन नव्हे. कधी कधी त्यातून नवं संगीत जन्माला येतं. प्रश्न एवढाच, की आणायचं तर डोळे उघडे ठेवून.

वीज आधी विचारा

घरातल्या किमतीपासून सुरुवात करतो, कारण धूर तिथंच निघतो. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ. जर्मनी, इंग्लंड आणि युरोपातल्या बहुतेक देशांतही तशीच. तिथलं वाद्य आणलं तर पिनेचा आकार तेवढा बदलावा लागतो. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झ. जपानमध्ये त्याहून कमी, फक्त १०० व्होल्ट. तिथं आणखी एक गंमत म्हणजे पूर्व जपानात ५० हर्ट्‌झ आणि पश्चिम जपानात ६०. आखाती देशांपैकी दुबईची वीज आपल्यासारखीच. पण सौदी अरेबियात पूर्वी बऱ्याच ठिकाणी १२७ व्होल्टचा पुरवठा असे. म्हणून त्या काळी दुबईहून आलेला टेप थेट चालायचा आणि सौदीहून आलेला कधी कधी जळायचा. लोक म्हणत, ‘माल खराब.’ माल खराब नव्हता, वीज वेगळी होती.

मग ओळखायचं कसं? वाद्याच्या मागं किंवा अडॅप्टरच्या पोटावर एक पट्टी असते. तिच्यावर ‘१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ’ असं छापलेलं असेल तर निश्चिंत राहा. ते जगात कुठंही चालतं, आपल्याला फक्त पिन बदलायची. आजकालच्या बऱ्याच छोट्या वाद्यांचे अडॅप्टर असेच असतात. पण नुसतंच ‘१२० व्होल्ट’ किंवा ‘१०० व्होल्ट’ असं लिहिलेलं असेल तर सावधान. जुनी आणि मोठी वाद्यं, ज्यांच्या पोटातच ट्रान्सफॉर्मर असतो, ती बहुतेक अशीच निघतात. विकणाऱ्याला पैसे देण्याआधी त्या पट्टीचा फोटो मागवा. दुकान नवं असो वा माणूस ओळखीचा, हा फोटो मागायला संकोच करू नका.

वाद्य १२० व्होल्टचं असेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. पिन बदलणारी टोपी वेगळी आणि ट्रान्सफॉर्मर वेगळा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. टोपी आकार बदलते, व्होल्टेज बदलत नाही. ट्रान्सफॉर्मर घेताना वाद्याला लागते त्याच्या निदान दुप्पट ताकदीचा घ्या. कीबोर्ड ४० वॉटचा असेल तर १०० चा ट्रान्सफॉर्मर आरामात काम करतो. ५० चा घेतला तर तापतो आणि गुणगुणतो, आणि ती गुणगुण स्पीकरमध्ये उतरते. जपानी वाद्याला १०० व्होल्ट देणाराच घ्या. ‘११० आणि १०० एकच’ असं दुकानदार म्हणेल. पण आपल्या खेड्यापाड्यांत रात्री उशिरा २३० चे २६० व्होल्ट होतात. ट्रान्सफॉर्मर बिचारा त्याच प्रमाणात उतरवतो. म्हणजे ११० च्या जागी १२४ येतात. शंभराच्या वाद्याला हा सव्वापट मार झाला. अशा ठिकाणी आधी स्टॅबिलायझर आणि मग ट्रान्सफॉर्मर, असा क्रम ठेवावा.

अडॅप्टर हरवला म्हणून दुसरा लावतानाही एक गोष्ट बघा. बारक्या गोल पिनेच्या आत एक टोक आणि बाहेर दुसरं असतं. काही वाद्यांत आतलं टोक धन असतं, काहींत ऋण. गिटारच्या पायपट्ट्यांत, म्हणजे पेडलमध्ये, बहुधा आतलं ऋण असतं. वाद्यावर आणि अडॅप्टरवर त्याचं छोटंसं चित्र छापलेलं असतं. दोन्ही चित्रं जुळली पाहिजेत. व्होल्ट जुळले आणि टोकं उलटी लागली, तरी व्हायचं ते नुकसान होतंच.

व्होल्ट जुळले, सूर उतरला

आता हर्ट्‌झची गोष्ट. बहुतेक आधुनिक वाद्यांना ५० आणि ६० चा फरक कळतही नाही. पण एक नामांकित अपवाद आहे, आणि जुनी वाद्यं जमवणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड नावाचे गृहस्थ विजेवर चालणारी घड्याळं बनवत. ती घड्याळं वीजपुरवठ्याच्या आंदोलनांवर चालत : पुरवठा ६० हर्ट्‌झचा, की काटा बरोबर चाले. त्याच जातीची मोटर वापरून त्यांनी १९३० च्या दशकात हॅमंड ऑर्गन तयार केला. त्याच्या पोटात धातूच्या दातेरी चकत्या फिरतात आणि त्यांच्यासमोरच्या चुंबकांत सूर उमटतो. चकती जितकी वेगानं फिरेल तितका सूर चढा. आता हा ६० हर्ट्‌झचा ऑर्गन इथं आणला आणि ट्रान्सफॉर्मर लावून १२० व्होल्ट अगदी बिनचूक दिले, तरी हर्ट्‌झ ५० च राहतात. ट्रान्सफॉर्मर हर्ट्‌झ बदलू शकत नाही. चकत्या सहाच्या ऐवजी पाचच्या गतीनं फिरतात, आणि सगळं वाद्य जवळजवळ बरोबर तीन पट्ट्या खाली उतरतं. पांढरी एक दाबली, की खालच्या सप्तकातली पांढरी सहा ऐकू येते! वाद्य बिघडलेलं नसतं. ते आपल्या विजेच्या सुरात गात असतं.

यावर उपाय आहेत : वेगळी मोटर बसवायची किंवा हर्ट्‌झ बदलणारं यंत्र जोडायचं. पण त्याला पैसे लागतात आणि जाणकार माणूस लागतो. हा खर्च खरेदीच्या आधी मांडायला हवा.

वजन खोक्याचं, भाडं हवेचं

आता वाटेतली किंमत. कुरिअरवाले वजनावर पैसे घेतात, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं आहे. विमानात जागा मोलाची, म्हणून ते खोक्याच्या आकारावरूनही एक वजन काढतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला बहुधा ५,००० नं भागायचं. जे उत्तर येईल तितके किलो. खरं वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्यावर भाडं.

साधा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घ्या. वजन असेल सात किलो. खोकं १०५ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, २० उंच. गुणाकार येतो ९४,५००. भागिले ५,०००, म्हणजे जवळपास १९ किलो. सात किलोचं वाद्य आणि एकोणीस किलोचं भाडं! पूर्ण ८८ पट्ट्यांचा पियानोसारखा कीबोर्ड असेल आणि खोकं १४५ बाय ५० बाय ३० असेल, तर उत्तर साडेत्रेचाळीस किलो येतं.

नातेवाईक बरोबर घेऊन येणार असेल तरी मोजपट्टी सुटत नाही. पुष्कळ विमान कंपन्यांची बॅगेची मर्यादा २३ किलो असते, आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटर. आपल्या ६१ पट्ट्यांच्या खोक्याची बेरीज होते १७०. वजन निम्म्याहून कमी असूनही ते ‘मोठं सामान’ ठरतं आणि विमानतळावर जास्तीचे पैसे मोजावे लागतात. ज्या विमान कंपनीचं तिकीट आहे तिला आधी विचारावं. काउंटरवर हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

बांधणीबद्दल मिरजेच्या कारागिरांकडून शिकावं. मिरजेचे तंबोरे आणि सतारी परदेशी जातात. भोपळा किती नाजूक, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ते वाद्य हलू देत नाहीत. प्रत्येक पोकळी भरतात. कीबोर्डलाही हेच लागू. एका खोक्यात दुसरं खोकं, मध्ये चारी बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर मऊ भरण. ‘नाजूक वस्तू’ ही चिठ्ठी जरूर लावा, पण वाटेत ती कुणी वाचणार नाही असं धरूनच बांधा. आत बॅटऱ्यांचे सेल असतील तर काढून ठेवा. सुटी लिथियम बॅटरी किंवा पॉवर बँक विमानात सोपवायच्या बॅगेत चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते.

खोकं घरी आलं की ते उघडताना चित्रफीत काढा. फुटकं निघालं तर विमा कंपनी पहिल्यांदा बांधणी बघायला मागते, म्हणून खोकं लगेच रद्दीत देऊ नका. विमानात सोपवलेल्या सामानाला इजा झाली असेल तर आंतरराष्ट्रीय करारानुसार सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. आणि हो, वाद्य आल्या आल्या बटण दाबायची घाई नको. विमानाच्या थंड पोटातून निघून आपल्या दमट हवेत आलं, की आत दव धरतं. काही तास, पावसाळ्यात तर रात्रभर, तसंच राहू द्या.

करावर कर

तिसरी किंमत सरकारची. इथं लोक सर्वांत जास्त फसतात, कारण त्यांना वाटतं, कर वाद्याच्या किमतीवर लागतो. तो वाद्याची किंमत, भाडं आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागतो. आणि आधी सीमाशुल्क लावून, मग त्या वाढलेल्या रकमेवर वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे करावर कर.

एक उदाहरण करू. यातले दर मी हिशेब कळावा म्हणून धरले आहेत. खरे दर वस्तूप्रमाणे वेगळे असतात आणि जवळपास प्रत्येक अर्थसंकल्पात हलतात. समजा, वाद्य ६०,००० रुपयांचं. भाडं १४,००० आणि विमा १,०००. झाले ७५,०००. त्यावर २० टक्के शुल्क धरलं तर १५,०००. आता रक्कम झाली ९०,०००. त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १६,२००. एकूण १,०६,२००. शिवाय कागदपत्रं सोडवण्याचं कुरिअरचं शुल्क वेगळं आणि बँकेनं चलन बदलताना कापलेले टक्के वेगळे. साठ हजारांची वस्तू लाखाच्या वर गेली. आता तीच वस्तू इथल्या दुकानात पंच्याऐंशी हजारांना, वॉरंटीसकट मिळत असेल, तर आपण काय वाचवलं?

‘गिफ्ट म्हणून पाठव आणि किंमत कमी लिही,’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो ऐकू नका. भेटवस्तू म्हणून टपालानं किंवा कुरिअरनं आलेल्या मालाला पूर्वी करात सूट मिळायची, तो मार्ग डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाला. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढाच अपवाद तेव्हा ठेवला गेला. आणि खोटी किंमत लिहिली तर माल जप्त होऊ शकतो. वाटेत फुटला तर विम्याचे पैसेही त्या खोट्या किमतीएवढेच मिळतात. लाखाचं वाद्य आणि हातात पाच हजार!

प्रवाशानं स्वतः आणलेल्या सामानाचे नियम वेगळे आहेत. त्याला ठरावीक रकमेपर्यंत सूट मिळते आणि वरच्या रकमेवरच शुल्क लागतं. १ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या नियमांत ही सूट बहुतेक देशांतून परतणाऱ्या भारतीयाला ५०,००० रुपयांची होती. त्या हिशेबानं ८०,००० च्या वाद्यावर शुल्क लागायचं ते वरच्या ३०,००० वर. हा आकडा सरकार बदलत असतं, म्हणून निघण्याआधी सीमाशुल्क खात्याचा ताजा नियम पाहूनच हिशेब करा. नवरा-बायको दोघांची सूट एका वाद्यासाठी एकत्र करता येते, असा समज आहे. तशी ती करता येत नाही. पावती जवळ ठेवा आणि वस्तू आपणहून जाहीर करा. कायमचं राहणं हलवून परतणाऱ्यांना घरसामानासाठी वेगळी सवलत असते, तिचीही चौकशी करावी.

कार्यक्रमांसाठी परदेशी जाणाऱ्या वादकांना एक सूचना. इथून आपला महागडा कीबोर्ड नेत असाल तर जाताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून त्याची नोंद करून दाखला घ्या. नाही तर येताना ‘हे मी इथूनच नेलं होतं’ हे सिद्ध करणं कठीण जातं.

युरोपच्या दुकानांबद्दल एक चांगली बातमीही सांगतो. जर्मनीत किमतीत १९ टक्के मूल्यवर्धित कर मिसळलेला असतो. माल युरोपाबाहेर पाठवायचा असेल तर मोठी दुकानं तो वजा करून किंमत लावतात. हातानं आणणाऱ्या पाहुण्याला परतताना विमानतळावर शिक्का घेऊन तो परत मागता येतो. ब्रिटनमध्ये पाहुण्यांसाठी अशी सोय होती. लंडनच्या दुकानातून घेऊन हातानं आणणाऱ्यांसाठी ती २०२१ च्या सुरुवातीपासून बंद झाली. अमेरिकेत राज्याराज्याचा विक्रीकर असतो, तो पाहुण्याला सहसा परत मिळत नाही.

आपल्या गाण्याला चालेल का?

वीज जुळली, भाडं दिलं, कर भरला. तरी एक प्रश्न उरतो. हे वाद्य आपल्या गाण्याला चालेल का?

आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी होती, हे जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. आक्षेप असा होता, की तिचे सूर ठोकळेबाज. तिच्यात मींड येत नाही आणि श्रुती सापडत नाहीत. कीबोर्डवर तोच आक्षेप येतो. पण आजच्या कित्येक कीबोर्डांत सप्तकातला एकेक सूर थोडा चढवण्या-उतरवण्याची सोय असते. अरबी संगीतासाठी बनवलेल्या आखाती बाजारातल्या मॉडेलांत ती हाताशीच असते, कारण त्यांनाही पाव सूर लागतात. भजनाला, गझलेला साथ करणाऱ्यांनी ही सोय आहे का, ते आवर्जून पाहावं.

दुसरीकडे, कंपन्यांनी भारतासाठी मुद्दाम वेगळी मॉडेलं काढली आहेत. यामाहाच्या पीएसआर मालिकेत ज्यांच्या आकड्याआधी ‘आय’ हे अक्षर असतं ती, किंवा रोलँडचं एक्सपीएस-१०, यांत तबला, तंबोरा, सतार असे आवाज असतात. परदेशी दुकानातल्या जुळ्या भावंडात ते असतीलच असं नाही. यामाहाचा तर २०१९ पासून चेन्नईजवळ कारखानाही आहे. जे वाद्य इथंच मिळतं, त्यात आपले आवाज आहेत आणि ज्याची दुरुस्ती इथं होते, ते सातासमुद्रापलीकडून आणण्यात शहाणपण नाही. शिवाय वॉरंटी बहुतेक वेळा ज्या देशात घेतलं त्याच देशापुरती असते.

उलट दिशेनंही असंच घडतं. अमेरिकेतली मराठी मंडळी इथून बंगळूरच्या रेडेल कंपनीचे इलेक्ट्रॉनिक तंबोरे नेतात. त्यांनीही तोच प्रश्न विचारायला हवा : याचा अडॅप्टर १२० व्होल्टवर चालतो का? नाही तर तिथं तंबोरा मुका.

मग आणावं काय?

जे इथं मिळतच नाही ते आणावं. एखादं खास तालयंत्र, वेगळ्या जातीचा सिंथेसायझर, फुंकून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, किंवा आपल्याच जुन्या वाद्याचा न मिळणारा सुटा भाग. आणि शक्य तर पट्ट्यांशिवायचं आणावं. १९८३ मध्ये जगभरच्या कंपन्यांनी ‘मिडी’ नावाची एक समान भाषा ठरवली. त्यामुळे एका कंपनीच्या पट्ट्यांवरून दुसऱ्या कंपनीचं यंत्र वाजवता येतं. आवाज देणारा डबा पुस्तकाएवढा असतो. तो हातातल्या बॅगेत मावतो. त्याला लांब खोक्याचं भाडं नाही, पट्ट्या तुटायची भीती नाही. पट्ट्यांचा साधा कीबोर्ड इथं घ्या आणि केबलनं जोडा. बोटं इथली, आवाज तिकडचा.

आता त्या गारगोटीच्या मुलाचं काय झालं, ते सांगून थांबतो. त्याच्या कीबोर्डाचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता, पण नशिबानं मुख्य बोर्ड वाचला होता. शिवाजी उद्यमनगरात एका गुंडाळी करणाऱ्याकडून २३० व्होल्टचा नवा ट्रान्सफॉर्मर करून घेतला. काही कपॅसिटर बदलले. काम पुरं व्हायला गणपतीचा तिसरा दिवस उजाडला. तोवर त्याचे दोन कार्यक्रम दुसऱ्याच्या मागून आणलेल्या कीबोर्डवर निभावले, आणि एक सुपारी हातची गेली. कर, भाडं, दुरुस्ती आणि ती बुडालेली सुपारी असं सगळं मी त्याच्यासमोर कागदावर मांडलं. चाळीस हजारांची बचत शून्याखाली गेली होती. तो काही बोलला नाही. कागद घडी करून खिशात ठेवला.

दोन वर्षांनी एका रात्री दहा वाजता त्याचा फोन आला. मावसभाऊ दिवाळीला येणार होता. ‘‘काका, एक छोटा डबा बघितलाय. अडॅप्टरचा फोटो मागवलाय, शंभर ते दोनशे चाळीस आहे. किंमत सुटीच्या आत बसते. बॅगेत मावतो. आणखी काय विचारू?’’

मी म्हटलं, ‘‘आतलं टोक धन आहे का ऋण, तेवढं विचारून ठेव.’’